सेवेमागील हेतू

उत्सव आटोपला म्हणजे साहाय्यकर्त्यांची नामावळी छापण्याची प्रथा अनेक देवस्थानांत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका नामावळीत प्रस्तुत लेखकाचे नाव अनवधानाने राहून गेले. चार दिवस पंगतीत वाढण्याचे काम केलेले असल्याने मनाला लागले. आणि लागले याचेच मागाहून अधिक वाईट वाटले. उल्लेख झाला नाही म्हणून जिच्यासाठी मन खट्टू होते, तिला सेवा म्हणावे काय?

मनुष्य समाजकार्यास का प्रवृत्त होतो, याचे प्रामाणिक उत्तर एकच नसते. कोणी नवस फेडण्यासाठी येतो, कोणी वडिलांनी केले म्हणून येतो, कोणाला चार माणसांत मिसळण्याची हौस असते, तर कोणाला मान हवा असतो. मूळ गावापासून दूर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांची तर परस्परांशी ओळख अशा कामातूनच टिकते. केवळ शुद्ध हेतूच्या माणसांनीच पुढे यावे असा नियम केला, तर पत्रावळी मांडावयासही कोणी उरणार नाही.

लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. फलाची आसक्ती सोडावी, परंतु कर्म सोडू नये. ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहावे, हे त्यातील प्रतिपादन सर्वश्रुत आहे. मात्र आधी आसक्ती सुटावी आणि मग कामास आरंभ करावा, असा क्रम आपण उगाच धरून बसतो. बहुतेकांची आसक्ती काम करता करताच झिजत जाते.

श्री गाडगे महाराज (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावात येत. दिवसा गाव झाडीत आणि रात्री तेथेच कीर्तन करीत. लोकांचे हेतू तपासण्यासाठी ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतः झाडावयास आरंभ केला. त्यांना पाहून एखाद्याने केवळ लाजेने खराटा उचलला, तरी रस्ता स्वच्छच होतो.

मग हेतूला काही मोल नाही काय? आहे. मानासाठी वाढणाऱ्याची पावले प्रतिष्ठितांच्या पंगतीकडे आधी वळतात, आणि शेवटच्या पंगतीच्या पानात निवलेला भात पडतो. हेतूतील उणेपणाची झळ अशी दुसऱ्याला लागते, म्हणूनच तो तपासावयाचा.

त्या चार दिवसांत शेवटच्या पंगतीला आपण कितीदा उभे होतो, हे मी आठवून पाहिले. एकदाच! नामावळीविषयीची तक्रार तेथेच मिटली. पुढील वर्षी मी पहिल्या पंगतीचे काम तरुणांकडे सोपविले आणि शेवटची पंगत उठून भांडी घासून होईपर्यंत थांबलो. त्या वर्षी नाव छापले गेले की नाही, हे पाहावयाचे मात्र राहूनच गेले.