नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेत एका मात्रेच्या फरकाने अर्थाची केवढी उलटापालट होते! बाळाचे नाव ठेवतो तेव्हा घरात आनंद असतो. शेजाऱ्याला नावे ठेवतो तेव्हा मनात आकस असतो. पहिल्या कृतीने आपण कोणाला तरी जवळ घेतो, दुसरीने दूर लोटतो. आमच्या बऱ्हाणपुराला ह्या दोन्हींचा अनुभव आहे. फारुकी सुलतानाने हे शहर वसविले तेव्हा त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव आदराने दिले. पुढे १६१५ च्या सुमारास, मोगल अमदानीत, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणण्याची अजोड योजना झाली. तिचे नाव कुंडी भंडारा. परंतु पुष्कळांच्या तोंडी बसले ते खूनी भंडारा! ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या तहान भागविली, त्याच्याच कपाळी खुनाचा शिक्का बसला.

तेव्हा प्रश्न असा की, नाव हे ज्याला दिले त्याच्याविषयी सांगते, की देणाऱ्याच्या मनाविषयी? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज एका क्षुद्र जिवाला साक्षीस बोलावीत आहोत. तो म्हणजे एक पतंग.

पतंग म्हटला की दिव्यावर झेप घेणारा परवाना आपल्याला आठवतो. किंवा पवित्र शास्त्रातील, वस्त्रे खाऊन टाकणारी कसर आठवते. आम्ही म्हणतो तो पतंग ह्यांहून निराळा आहे. इंग्रजीत त्याला ‘घोस्ट मॉथ’ म्हणजे भूत-पतंग म्हणतात. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. युरोपात उन्हाळ्यातील संध्याकाळी, दिवस मावळून अंधार पडण्यापूर्वीच्या थोड्या वेळात, ह्याचे पांढरेशुभ्र नर कुरणातील गवतावर अधांतरी झुलू लागतात. अदृश्य दोरीला टांगल्यासारखे ते एकाच जागी हेलकावे घेत राहतात. दफनभूमीच्या गवतावर हे दृश्य पाहून भाविक माणसाची छाती धडधडली असेल, ह्यात नवल ते काय? म्हणून नाव पडले भूत.

वस्तुतः तो नाच म्हणजे लग्नाचे आमंत्रण होय. नर असे झुलतात ते पिवळसर रंगाच्या माद्यांना आपला ठाव कळावा म्हणून. ह्या जिवाचे बहुतेक सारे आयुष्य, दोन-दोन वर्षेदेखील, अळीच्या रूपाने मातीत मुळ्या खाण्यात जाते. पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला थोडेच दिवस येतात. त्या दिवसांत तो काही खातही नाही, कारण खाता येईल असे तोंडच त्याला उरलेले नसते. जोडीदार शोधावा, गवतावर अंडी विखरावीत आणि वटवाघळांच्या किंवा घुबडांच्या तोंडी पडण्यापूर्वी आपले काम संपवावे, एवढाच त्याचा संसार. भय त्या कुरणात नव्हते; भय पाहणाऱ्याच्या मनात होते.

ह्याच कुळातील एक पतंग आपल्या सह्याद्रीत आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या गणाला ‘सह्याद्रॅसस’ असे आपल्या डोंगराचेच नाव दिले आहे. पण वनखात्याच्या पुस्तकात त्याची ओळख ‘सागाच्या रोपांचे खोड पोखरणारी कीड’ अशी आहे. त्याची अळी कोवळ्या खोडात भोक पाडून आत राहते आणि भोकाच्या तोंडाशी लाकडाचा भुसा व रेशीम यांचे झाकण विणते. सागाच्या लागवडी नव्हत्या तेव्हाही तो रानझुडपांवर जगतच होता. आपण लागवडी केल्या आणि तो आपल्या हिशेबात आला, तोही खर्चाच्या बाजूला. आमच्याकडील सातपुड्यातही पावसाळ्यात सागाची पाने खाऊन त्यांची जाळी करणाऱ्या अळ्या येतात. त्या दुसऱ्या कुळातील पतंगांच्या. त्यांनाही एकच नाव मिळते, कीड. सागाची वाढ त्या वर्षी खुंटते हे खरे. पण झाड बहुधा मरत नाही, पुन्हा पालवते, आणि दरम्यान त्या अळ्यांवर पाखरांची पिल्ले पोसली जातात. ती जमा हिशेबात कोणी धरीत नाही.

तिसरे नाव हिमालयातले. तेथे ह्या कुळातील पतंगांच्या अळ्या उंच कुरणांच्या मातीत राहतात. एक बुरशी त्यांच्या शरीरात शिरते, अळीला मारते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखा कोंब जमिनीवर काढते. तिबेटी लोक ह्याला ‘उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. उत्तराखंडात म्हणतात कीडा जडी. शक्तिवर्धक औषध म्हणून चीनच्या बाजारात तिला सोन्याची बरोबरी करणारा भाव येतो. बर्फ वितळले की गावेच्या गावे, लेकराबाळांसह, गुडघ्यांवर रांगत कुरणे धुंडाळतात. ह्या एका जडीपायी २००९ साली नेपाळच्या मनांग जिल्ह्यात सात माणसांचे खून पडले. अतिशय उपशामुळे २०२० साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने ह्या बुरशीला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातले. जिवंत पतंगाची विचारपूस मात्र थोडेच करतात. त्याला किंमत आली ती मेल्यावर.

भूत, कीड आणि सोने! एकाच कुळाला तीन नावे, आणि तिन्ही माणसाची. पहिल्यात आपले भय आहे, दुसऱ्यात आपला तोटा, तिसऱ्यात आपला लोभ.

येथे कोणी म्हणेल, शेतकऱ्याने किडीला कीड म्हणू नये काय? अवश्य म्हणावे. ज्याचे वर्षाचे पीक उभ्याउभ्या खाल्ले जाते त्याला आम्ही दयेचे पाठ देणार नाही. हिमालयातील ज्या गरीब आईच्या मुलांची फी त्या जडीवर भरली जाते, तिलाही दोष देणार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ‘ह्याने माझे नुकसान होते’ हे एक विधान झाले आणि ‘हा नुकसानच आहे’ हे दुसरे. पहिले सत्य असू शकते. दुसऱ्याने त्या जिवाचे सारे अस्तित्वच पुसले जाते.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो, त्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. प्राणी प्रथम त्याच्यासमोर आणले जातात; नाव मागाहून येते. आधी पाहणे, मग बोलणे. आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, भूमीवर सरपटणाऱ्या क्षुद्र जिवांसही देवाने चांगले म्हटले ते मनुष्य घडण्यापूर्वी. म्हणजे त्यांचा आपल्याला उपयोग काय हे विचारणारा कोणी नव्हता तेव्हा. त्यांचे मोल आपल्या गरजेवर टेकलेले नाही.

हा विचार पतंगापाशी थांबत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. नाव मात्र पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या जिभेवर अजून आहे. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत एखाद्या विधवेला डाकीण म्हटले जाते. घरात कोणी आजारी पडले, गाय आटली, की बोट तिच्याकडे वळते. आणि मग मारहाण होते, प्रसंगी जीवही जातो. महाराष्ट्राने २०१३ साली अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, हे चांगले झाले. पण कायदा हात धरतो, जीभ धरीत नाही. आपण शहरातील शिकलेली माणसे डाकीण म्हणत नसू. तरी ‘ते लोक तसलेच’ असे आपल्या बैठकीत, आणि उपासना संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवरही, किती सहज म्हटले जाते! त्या तीन शब्दांत भय, तोटा आणि लोभ यांपैकी काय दडले आहे, हे ज्याचे त्याने तपासावे.

म्हणून वाचकांस आमची विनंती साधी आहे. कोणाविषयी एखादे नाव ओठांवर आले की क्षणभर थांबून स्वतःला विचारावे: मी ह्याला पाहिले आहे काय? ह्याच्या दारात कधी बसलो आहे काय? उत्तर नाही असे आले, तर ते नाव गिळून टाकावे आणि आधी त्याच्या घरी जाऊन यावे.