पीळ आणि पत्रा

महामार्गावर कधी कधी नुसती चासी धावताना दिसते. ट्रक कारखान्यातून निघालेला असतो, पण त्याला ना केबिन असते ना हौदा. पोलादाचे दोन लांब दांडे, त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडणारे आडवे तुकडे, पुढे उघडे इंजिन, आणि तात्पुरत्या आसनावर तोंडाला मफलर गुंडाळून बसलेला चालक. ऊनवारा अंगावर घेत तो हा सांगाडा दूरच्या एखाद्या बॉडी बांधणाऱ्याकडे नेत असतो. तिथे लाकूड, पत्रा आणि रंग यांतून त्याला देह मिळायचा असतो. भार कोणी वाहायचा आणि रूप कोणी धारण करायचे, हे दोन प्रश्न इथे अजून दोन वेगळ्या हातांत आहेत. मोटारीच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक गाड्या अशा जन्मत असत. खाली लॅडर फ्रेम, वर कारागिराची कल्पना.

गाडीचा सांगाडा रचणाऱ्याला वजन पेलण्याची फारशी धास्ती नसते. त्याची खरी झुंज असते ती पिळाशी. पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले आणि मागचे डावे उंचवट्यावर चढले की सगळी गाडी ओला कपडा पिळावा तशी पिळली जाते. हा पीळ अंगावर कसा घ्यायचा, याची निरनिराळी उत्तरे म्हणजेच चासीचे निरनिराळे प्रकार. ट्रकच्या दांड्याचा छेद एका बाजूने उघडा असतो, आणि उघडा छेद बंद नळीच्या मानाने पिळापुढे फारच दुबळा पडतो. परंतु ट्रक रचणाऱ्याने हे दौर्बल्य जाणून पत्करलेले असते. खडबडीत वाटेवर फ्रेम थोडी पिळली तर चाके जमीन सोडत नाहीत. सांधे रिव्हेटचे असले तर ते किंचित सैलावून ताण पचवतात. कणखरपणाविषयीच्या माझ्या कितीतरी समजुती या एका गोष्टीपाशी थबकल्या आहेत.

प्रवासी गाडीला मात्र हे सैलावणे परवडत नाही. १९२२ साली व्हिन्चेन्झो लान्चिया यांनी ‘लॅम्ब्डा’ ही गाडी जगापुढे आणली. जहाजाच्या कायेवरून त्यांना ती सुचली, असे सांगतात. तिला वेगळी फ्रेम नव्हती. बाजूंचा पत्राच भारवाहक झाला होता. पुढे १९३४ मध्ये सित्रोएनच्या ‘त्राक्सिओं आवां’ने हीच कल्पना मोठ्या उत्पादनात उतरवली. त्या गाडीच्या आणि नव्या कारखान्याच्या खर्चाने कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि पुढल्या वर्षी आंद्रे सित्रोएन वारले. त्यांची गाडी मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली. लॅडर फ्रेमची गाडी द्वैती म्हणावी, देह बदलला तरी आतला आधार तोच. आणि मोनोकॉक अद्वैती, जिथे वाहणारा आणि दिसणारा वेगळे काढताच येत नाहीत. ‘अमृतानुभवा’च्या आरंभीचे शिवशक्तीचे ऐक्य मला इथे आठवते, आणि तशा ऐक्याला लौकिकात मोजावी लागणारी किंमतही. छप्पर नि दाराची चौकटच भार पेलू लागली, तेव्हा त्यांना मनासारखा आकार देणाऱ्या कारागिराचा अधिकार संपला. एका गाडीसाठी घडवला जाणारा देह हजारोंसाठी पाडलेल्या साच्यात गेला. मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनीलाही वेगळी चासी नव्हती. तिच्या दाराखालचा पत्रा गंजला म्हणजे रूपच तेवढे बिघडत नसे. गंज हाडाला लागलेला असे.

या दोन टोकांच्या मध्ये एक विलक्षण रचना आहे. तिचे नाव स्पेस फ्रेम. बारीक सरळ नळ्या त्रिकोणात सांधायच्या, अशा की प्रत्येक नळीने केवळ ओढ तरी सोसावी किंवा दाब तरी, वाकण्याची वेळ तिच्यावर येऊच नये. रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या मार्गदर्शनाखाली मर्सिडीजची ३०० एसएल अशी घडली. १९५२ मध्ये तिने ल मानची शर्यत जिंकली आणि १९५४ मध्ये ती रस्त्यावरची गाडी म्हणून लोकांपुढे आली. शर्यतीच्या गाडीचा सांगाडा सुमारे ५० किलोचा. पण बळकटीसाठी नळ्यांचे जाळे कुशीत इतके वर चढवावे लागले की नेहमीच्या दाराला जागा उरली नाही. मग दारे छपराला बिजागरी लावून वर उघडणारी केली. आत शिरणाऱ्याला तो रुंद, उंच उंबरठा ओलांडावा लागे, आणि पाय आत घेता यावेत म्हणून स्टिअरिंगचे चाक खाली वळवण्याची सोय होती. आज लोक त्या पंखांसारख्या दारांसाठी त्या गाडीवर जीव टाकतात. एका त्रिकोणाने वाट अडवली, रचनाकाराने तो अडसर मानून घेतला, आणि त्यातून उमटलेली ही रेघ मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर रेघांपैकी एक वाटते.

मन अधिक रेंगाळते ते मात्र बेला बारेनी या अभियंत्यापाशी. गाडी जितकी ताठ तितकी सुरक्षित, असे सगळे मानत असताना त्यांनी तिचे तीन भाग कल्पिले: मधली माणसांची खोली अभेद्य, पुढचा आणि मागचा भाग मोडण्यासाठी. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये हा विचार पत्र्यात उतरला. तेव्हापासून रचनाकार आघाताच्या त्या निमिषाची तालीम आधीच करून ठेवतो. कोणता दांडा आधी दुमडेल, घडी कुठे पडेल, कोणत्या पन्हळीने त्याला वाट दाखवायची, हे सारे तो धक्क्याच्या कितीतरी वर्षे आधी, शांतपणे, कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी ठरवतो. असा दुमडलेला दांडा ओढून, ठोकून पुन्हा सरळ दिसेल असा करता येतो; परंतु पोलाद एकदा घडी पडून गेलेले असते, आणि पुढच्या धक्क्याला ते ठरल्या क्रमाने दुमडेलच असे नाही. म्हणून जाणता कारागीर तो सरळ करीत बसत नाही. तो जुना भाग कापून काढतो, नवा जोडतो आणि मापे पुन्हा ताडून पाहतो.