जुन्या मालकाची साक्ष

उपजीविकेच्या वाटेवर माणसाला गाठणारी एक परीक्षा अशी आहे की, तिच्याविषयी मिंबरवरून सहसा बोलले जात नाही. तुम्ही एक नोकरी सोडली, दुसरी मिळाली. रुजू होऊन जेमतेम महिना लोटतो, प्रोबेशन अजून संपलेले नसते, आणि एके दिवशी वरिष्ठ बोलावून सांगतात की, तुमच्या पूर्वीच्या मालकाने तुमच्याविषयी चांगला शेरा दिलेला नाही. हिशेबात चोख नव्हता, वेळ पाळत नसे, वरिष्ठांशी पटत नसे, असे काहीतरी. घरात मुलांची फी, घराचा हप्ता, आईवडिलांची औषधे. रात्रीची झोप उडते. मग सैतान दोन वाटा दाखवतो : त्या मालकाची लक्तरे आपणही वेशीवर टांगावीत, किंवा बनावट अनुभवपत्र आणून वेळ मारून न्यावी. पहिल्या वाटेवर गीबत आहे, दुसऱ्या वाटेवर असत्य. मोमिनाने दोन्ही वाटा टाळाव्यात. मग त्याने करावे काय?

सर्वप्रथम हे समजून घ्यावे की, नव्या मालकाने चौकशी करणे आणि जुन्याने खरे ते सांगणे, हा मुळात अन्याय नव्हे. ह. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना विवाहासाठी दोन मागण्या आल्या, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचा सल्ला विचारला. प्रेषितांनी एकाच्या निर्धनतेविषयी आणि दुसऱ्याच्या कठोर स्वभावाविषयी स्पष्टपणे सांगितले आणि ह. उसामा (रजि.) यांच्याशी विवाह करण्याचा सल्ला दिला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. यावरून विद्वानांनी नियम काढला की, विवाह, भागीदारी किंवा अमानत सोपविण्याच्या बाबतीत कोणी सल्ला विचारला, तर गरजेपुरता दोष सांगणे ही गीबत ठरत नाही. मात्र सांगितलेली गोष्ट खरी असावी, गरजेपुरती असावी आणि सांगणाऱ्याच्या मनात आकस नसावा. गरजेबाहेर दोष सांगितला आणि तो खरा असला, तर ती गीबत. खोटा असला, तर ते बोहतान. आपल्या देशाचा कायदाही असाच भेद करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीला शिक्षा आहे, पण सद्भावनेने दुसऱ्याच्या हितासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेला त्यातून वगळले आहे.

म्हणून तुमची पहिली पायरी स्वतःच्या अंतःकरणाची झडती ही आहे. तो शेरा खरा आहे काय? खरा असेल, तर बोलणाऱ्यावर रागावणे म्हणजे आरसा फोडणे होय. नव्या मालकासमोर चूक मान्य करावी, ती पुन्हा का होणार नाही हे सांगावे. जुन्या ठिकाणचे काही देणे राहिले असेल, तर ते आधी फेडावे. कारण माणसांचे हक्क अडकलेले असताना नुसती तौबा पुरत नाही. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध गेली तरी ती द्या, असा आदेश सूरह निसाच्या १३५व्या आयतीत आहे. तो आदेश अशाच अवघड क्षणांसाठी आहे.

आणि शेरा खोटा असेल तर? ह. यूसुफ (अलै.) यांचे चरित्र येथे मार्ग दाखवते. ज्या घरी ते वाढले, जेथे त्यांनी सेवा केली, त्याच घरातून त्यांच्यावर आळ आला. सदरा मागून फाटलेला होता, निर्दोषत्व उघड झाले होते, तरी कारावास त्यांच्याच वाट्याला आला. काही वर्षांनी राजाने त्यांना बोलावणे पाठवले. कैदेत पिचलेला माणूस अशा वेळी धावत सुटला असता. यूसुफ (अलै.) यांनी मात्र दूताला परत पाठवले आणि ज्या स्त्रियांनी आपले हात कापून घेतले होते, त्यांच्या प्रकरणाची आधी चौकशी करावी, असा निरोप दिला. अजीजच्या पत्नीचे नावही त्यांनी काढले नाही. चौकशी झाली, सत्य बाहेर आले, आणि मगच त्यांनी राज्याच्या कोठारांची जबाबदारी मागितली. त्या वेळी आपण राखणारे आहोत आणि जाणते आहोत, हेही त्यांनी सांगितले. गरज असेल तेथे स्वतःची योग्यता सांगणे हा अहंकार नव्हे, हे यावरून कळते.

आता त्याच सूरहतील दुसरा प्रसंग पाहा. यूसुफ (अलै.) अधिकारपदावर आहेत, भाऊ समोर उभे आहेत, त्यांना ओळखत नाहीत, आणि तोंडावर म्हणतात की, याचा एक भाऊही पूर्वी चोरीच करत असे. किती धडधडीत खोटे! एका शब्दात त्यांना गप्प करता आले असते. पण ७७वी आयत सांगते की, यूसुफ (अलै.) यांनी ती गोष्ट मनातच ठेवली.

एकाच नबीने एकदा चौकशीचा आग्रह धरला आणि एकदा आळ गिळून टाकला. असे का? पहिल्या वेळी अमानत पदरात यायची होती. डागाळलेल्या नावाने ती पेलता आली नसती. दुसऱ्या वेळी दुखावणार होता तो केवळ अहं. जुन्या मालकाच्या शब्दाने तुमची नोकरी, तुमच्यावरील विश्वास धोक्यात येत असेल, तर चौकशी मागा, आणि निर्धाराने मागा. तो शब्द कुठल्यातरी लग्नात, चहाच्या टपरीवर कोणाच्या तोंडून कानी आला असेल, तर तो मनात ठेवा आणि कामाला लागा.

चौकशी मागायची ती अशी. ऐकल्या क्षणी उत्तर देऊ नका. वुजू करा, दोन रकात नमाज अदा करा. मग नेमके काय सांगितले गेले, ते नम्रपणे विचारा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, कार्यमुक्तीचे पत्र, कामाची दखल घेणारे जुने ई-मेल एकत्र करून समोर ठेवा. जुन्या मालकाला शांत शब्दांत पत्र लिहून चुकीची दुरुस्ती मागा. आणि तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या दोघा-तिघांची नावे द्या. ह. उमर (रजि.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी येताच ते म्हणाले की, मग तू त्याला ओळखतच नाहीस. साक्षीदार निवडताना हे तीन प्रश्न आठवावेत. अन्याय झालेल्याला तक्रार मांडण्याची मुभा सूरह निसाच्या १४८व्या आयतीत आहे. पण तक्रार न्याय देऊ शकणाऱ्याकडे न्यावी, मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे.

वाचकांत दुकानाचे, गॅरेजचे, बेकरीचे, कारखान्याचे मालकही आहेत. त्यांच्यासाठी ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग सांगतो. ते कूफाचे राज्यपाल असताना तेथील काही लोकांनी तक्रारी केल्या, इतक्या की, यांना नमाजही नीट पढवता येत नाही, असे म्हटले गेले. ह. उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून दूर केले, पण प्रकरण तेथे संपवले नाही. त्यांनी खुद्द सअद (रजि.) यांना विचारले आणि उत्तर ऐकल्यावर सांगितले की, तुमच्याविषयी माझी हीच धारणा होती. मग माणसे कूफाला पाठवून मशिदी-मशिदींतून चौकशी केली. सर्वत्र प्रशंसाच ऐकू आली, एका मशिदीत एकानेच आरोप केले, आणि दुखावलेल्या सअद (रजि.) यांची बद्दुआ त्या माणसाला म्हातारपणापर्यंत भोवली. पुढे हिजरी २३ मध्ये मृत्युशय्येवर असताना ह. उमर (रजि.) यांनी आवर्जून सांगितले की, सअद यांना मी अकार्यक्षमतेमुळे किंवा बेइमानीमुळे काढले नव्हते, पुढे जो शासक होईल, त्याने त्यांची मदत घ्यावी.

खिलाफतीचा भार वाहणारा माणूस, देहावर प्राणघातक जखमा, आणि तरीही काढून टाकलेल्या एका अधिकाऱ्याच्या नावावर डाग राहू नये ही काळजी! तुमच्याकडे एखाद्या जुन्या कामगाराविषयी फोन येईल, तेव्हा हा प्रसंग आठवा. तो ऐन हंगामात सोडून गेला, याचा राग त्याच्या प्रामाणिकपणाच्या साक्षीत मिसळू नका. वैरामुळे न्याय सोडू नका, असे सूरह माइदाची ८वी आयत बजावते. आणि नव्या माणसाविषयी तुमच्या कानी काही आले, तर सूरह हुजुरातच्या ६व्या आयतीप्रमाणे आधी शहानिशा करा, त्याला बोलण्याची संधी द्या. तुमच्या एका वाक्यावर कोणाच्या तरी घरची चूल अवलंबून असते.

हे सर्व करूनही कदाचित नोकरी टिकणार नाही. तेव्हा रिज्क देणारा अल्लाह आहे, मालक हे केवळ निमित्त आहे, यावर मन स्थिर ठेवावे. विहीर, गुलामी, कारावास ही यूसुफ (अलै.) यांच्या आयुष्यातील बंद दारे वाटत होती, अल्लाहने त्यांतूनच वाट काढली.

हे अल्लाह, आमच्या जिभेला खऱ्या साक्षीचे बळ दे, आमच्यावर आळ आला तर संयम आणि शहाणपण दे, आणि आमच्या कष्टाच्या भाकरीत बरकत दे. आमीन.