वाघाचा रंग

लहान मुलांस कविता वाचून दाखविणे हा निरुपद्रवी उद्योग आहे, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. कचेरीतून परतावे, हातपाय धुवावे, चहा घ्यावा आणि दिवेलागणीनंतर पाच वर्षांच्या कन्येस मांडीवर घेऊन सचित्र बालगीतांचे एखादे पुस्तक उघडावे. यात कोणाचे काही बिघडेल अशी शंकादेखील येऊ नये. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक लहानसा अन्याय घडला, आणि तेव्हापासून या उद्योगाकडे आम्ही काहीशा संशयाने पाहू लागलो आहोत.

प्रसंग अगदी साधा. पुस्तकात वाघावरची एक कविता होती आणि शेजारच्या पानावर पिवळाधमक, काळ्या पट्ट्यांचा वाघ ऐटीत उभा होता. आम्ही आवाज घोगरा करून कविता वाचली. कन्येने चित्र न्याहाळले आणि निर्णय दिला, "बाबा, हा खोटा आहे. वाघ पांढरा असतो." भिलाईत वाढणाऱ्या मुलीचे हे म्हणणे निराधार नव्हते. पोलाद कारखान्याने भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेल्या मैत्री बागेत पांढरे वाघ आहेत, आणि रविवारी गर्दी जमते ती त्यांच्याच पिंजऱ्यापुढे. आमच्या कन्येने खांद्यावर बसून जो वाघ पाहिला, तो पांढराच होता.

आम्ही पडलो पदवीधर आणि त्यातून कारकून. चुकीची नोंद दिसली की ती लाल शाईने दुरुस्त केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आम्ही तिला समजावले की, वाघ पिवळाच असतो. पांढरा रंग हा आनुवंशिक अपवाद आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलात एक पांढरा बछडा धरला, त्याचे नाव मोहन ठेवले आणि आज ठिकठिकाणच्या बागांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले आहेत. माहिती बरोबर होती. कन्येने ती निमूटपणे ऐकून घेतली, पुस्तक मिटले आणि ती आईकडे निघून गेली. पुढे तीन आठवडे तिने ती कविता मागितली नाही.

आता कोणी विचारील की, सत्य सांगण्यात अन्याय कसला? मुलाचा गैरसमज दूर करणे हे तर पित्याचे कर्तव्य. प्राणिशास्त्राचा धडा चालू असता तर आम्हीही हेच म्हटले असते. परंतु धडा चालू नव्हता. कविता चालू होती. कवितेतल्या शब्दाने ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते कोणाच्या मालकीचे, हा येथे खरा प्रश्न आहे. कवीच्या, चित्रकाराच्या, वाचून दाखविणाऱ्या बापाच्या, की ज्याच्या मनात ते उमटले त्याच्या?

भिलाईत बसून या प्रश्नाचा विचार करताना रशियन बालवाङ्मयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५५ सालच्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ येथे आले आणि १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच देशातून, सोव्हिएत संघ अस्तित्वात होता तोवर, मुलांची सचित्र पुस्तके आपल्याकडे येत असत; अनिल हवालदार यांनी केलेले त्यांचे मराठी अनुवाद अनेक घरांत अजूनही जपून ठेवलेले आढळतात. तेथील बालकवी कोर्नेई चुकोव्स्की यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात मुलांसाठी लिहू पाहणाऱ्या कवींना काही आज्ञाच देऊन ठेवल्या. पहिली अशी की, कवितेचे प्रत्येक कडवे चित्रकाराला चित्र सुचविणारे असावे. पुढे ते असेही सांगतात की, विशेषणांची गर्दी नको, क्रियापदे हवीत. कारण लहान मुलाला वस्तू कशी आहे यापेक्षा ती काय करते याचे कुतूहल अधिक असते. हे वाचून आम्ही चपापलो. पिवळा हे विशेषण आहे. वाघाने झेप घेतली, डरकाळी फोडली, शेपूट आपटली, हे सारे कन्येने विनातक्रार मान्य केले होते. तिने केवळ एक विशेषण आपल्या पदरचे घातले होते, आणि आम्ही नेमके तेच हिसकावून घेतले.

चित्रांचा आम्हांस द्वेष आहे असे मात्र कोणी समजू नये. सुकुमार राय यांनी 'आबोल ताबोल' मधल्या कवितांसाठी स्वतः चित्रे काढली. १९२३ साली ते वारले आणि पुस्तक त्यानंतर काही दिवसांतच बाहेर पडले. त्यात बदक आणि साळींदर यांची सांधेजोड केलेला एक प्राणी आहे. असा प्राणी कोणीच पाहिलेला नाही, म्हणून तेथे चित्र मुलाला काही देते. त्याचे काही घेत नाही. पण जे मुलाने पाहिले आहे त्यावर दुसऱ्याने पाहिलेले आणून ठेवावयाचे, तर थोडा संकोच हवा. विंदा करंदीकरांचा 'राणीचा बाग' १९६१ सालचा. तो बाग मुंबईचा. भिलाईचे मूल ते पुस्तक ऐकते तेव्हा मनातल्या मनात मैत्री बागेतच फिरत असणार, आणि त्यात विंदांचे काही नुकसान होते असे आम्हांस वाटत नाही.

इतके सगळे कळत असताना आम्ही दुरुस्तीची घाई का केली, याचा शोध घेता जे हाती लागले ते फारसे भूषणावह नाही. आम्ही वाचत होतो ते कन्येसाठी, की स्वतःसाठी? दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्याआधी शंभरावर वर्षे या मुलुखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तरीही आज आमच्या चाळीच्या जिन्यावर मराठी ऐकू येत नाही. कन्येची शाळा हिंदी. शेजारच्या मुलींबरोबर जमिनीवर पालथे पंजे मांडून ती जे गाणे म्हणत खेळते ते छत्तीसगढी, आणि त्याला चित्राची गरज कधी पडलेली नाही. 'ळ' हा वर्ण तिच्या कानावर केवळ आमच्या घरात पडतो. लिपी एकच असल्यामुळे उद्या ती मराठी पुस्तक स्वतः वाचू लागेल, पण 'बाळ' आणि 'फळ' यांतला 'ळ' सरळ 'ल' करून टाकील, ही धास्ती आम्हांस असते. (हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आमच्या मुलीला मराठीची शिक्षा मराठी अर्थानेच होत आहे की काय, असे एका सहकाऱ्याने हसत विचारले होते. त्या वेळी आम्ही हसलो नाही.) बदलीच्या नोकरीत माणूस आपले गाव पेटीत घालून हिंडवतो, आणि ती पेटी आम्ही पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवीत होतो.

सौभाग्यवतींना हा सारा पश्चात्ताप अतिरेकी वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, न सुधारता भाषा येत नाही. मुलगी वाघाला 'शेर' म्हणाली तर तिला 'वाघ' सांगावेच लागेल, नाहीतर सिंह आणि वाघ यांतला भेदही ती विसरेल. हे आम्हांस नाकारता येत नाही. शब्द सुधारावा आणि चित्र सुधारू नये, अशी सीमा आम्ही आखून पाहिली. पण शब्दाच्या मागोमाग चित्र ओढले जातेच, आणि ती सीमा रोज संध्याकाळी कुठे ना कुठे मोडते.

सध्या आम्ही कविता आधी पुस्तक मिटून म्हणतो आणि मग पाने उघडतो. कन्येला ही पद्धत मुळीच पसंत नाही. तिला चित्र आधी हवे असते, भांडण करण्यासाठी का होईना. परवा कचेरीतून आलो तो वाघाचे पान उघडे पडले होते आणि पिवळ्या अंगावर पाटीवरचा पांढरा खडू पट्टे सांभाळून घासलेला होता. पुस्तक मंडळाच्या कपाटातले आहे, रविवारी परत करावयाचे आहे. खडू ओल्या फडक्याने निघेल, असे सौभाग्यवती म्हणतात. आम्ही अद्याप तो पुसलेला नाही.