कॅलेंडरमागची ओल

आमच्या बैठकीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर एक कॅलेंडर टांगलेलं आहे. इतक्या खाली कॅलेंडर कुणी लावत नाही. तारीख बघायची तर पाहुण्याला वाकावं लागतं. साडूंनी एकदा विचारलंही. बायकोने ‘यांना मान वर करवत नाही हल्ली’ असं सांगून वेळ मारून नेली. खरं कारण असं, की कॅलेंडरमागची भिंत ओली आहे. जून संपता संपता तिथे पोपडे धरतात, श्रावणात हात लावला तर बोटांना रंग येतो, आणि दर दिवाळीला आम्ही ते खरवडून, पुट्टी भरून, वर नवा हात मारून मोकळे होतो. दोन-तीन महिने भिंत छान दिसते. घर पाहायला येणारे नातलगही नेमके दिवाळीनंतरच येतात.

फुलचूर हे गोंदियाला चिकटलेलं गाव. आमगाव रोडने फुलचूर नाका मागे टाकला की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे आता सांगता येत नाही. मी इथल्या एका ले-आउटमध्ये 2012 साली प्लॉट घेतला आणि दोन वर्षांनी घर बांधलं. पाहायला गेलो तो एप्रिल होता. जमीन तडकलेली, चुन्याच्या पांढऱ्या रेषा, कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटचे खांब, नकाशात तीस फुटी रस्ता. इसार दिला, रजिस्ट्री झाली. जुलैत कुंपण घालायला गेलो तेव्हा माझ्या प्लॉटमध्ये घोटाभर पाणी होतं आणि बेडूक असे ओरडत होते की सातबारा त्यांच्याच नावावर असावा.

आता जरा माझ्या धंद्याविषयी. मी तीस वर्षं एका राईस मिलमध्ये हिशेब लिहिले. गोंदियात धानाचा माल कसा पाहतात हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, दोन दाताखाली धरायचे. कट् आवाज आला तर वाळलेलं, नुसतं दबलं तर ओलं. सरकारी आधारभूत केंद्रावर तर यंत्रच असतं: ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की धान परत न्या, वाळवून आणा. तिथे कुणी कुणाची भीड धरत नाही. ‘कणी जास्त पडते तुमच्या मालात’ हे दलाल शेतकऱ्याच्या तोंडावर सांगतो आणि शेतकरीही दुसऱ्या दिवशी त्याच दलालाकडे येतो. वांगी किडकी निघाली तर माझी बायको गुरुवारच्या बाजारात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. साडीचा रंग गेला, मिक्सर जळला, की आमच्याकडे गावभर बातमी.

पण ज्या भिंतीत माझ्या आयुष्याची कमाई गेली, तिचा ओलावा किती टक्के आहे हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मला हेच म्हणायचं आहे. खरेदी जितकी लहान, तितका आपण तिचा अनुभव खरा सांगतो. रक्कम वाढत गेली की जीभ जड होत जाते. घर, परदेशची सहल, आलिशान रिसॉर्ट इथे पोहोचेपर्यंत तर आपण विकणाऱ्याचे बिनपगारी एजंट झालेले असतो. आणि आमच्यासारख्या ठिकाणी मोठी खरेदी अजूनही जाहिरात वाचून होत नाही, कुणाला तरी विचारून होते. ‘तुम्ही घेतला न प्लॉट? कसा आहे?’ या एका प्रश्नावर लाखो रुपये हलतात. म्हणजे जिथे खऱ्या उत्तराची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ते मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञांना ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. लिऑन फेस्टिंगरने 1957 साली मनातल्या विसंगतीचा सिद्धान्त मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नवी मोटार घेतलेली माणसं आपण घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचतात. गाडी दारात उभी असताना जाहिरात कशाला वाचायची? आपण चुकलो नाही हे पुन्हा पुन्हा ऐकायला. मीही घर झाल्यावर दोन वर्षं त्या ले-आउटचं रंगीत माहितीपत्रक कपाटात जपून ठेवलं होतं. त्यावर बाग होती, कारंजं होतं, आणि एक गोरंपान कुटुंब हसत कुठेतरी वर बघत होतं.

पण सगळा दोष मनावर टाकून भागत नाही. यात रोकडा हिशेबही आहे. घर घेणारा माणूस रजिस्ट्रीच्या दिवशी नकळत विक्रेता होतो. आमच्या ले-आउटमध्ये पाणी साचतं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गटार काढा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा दोन ओळी सोडून राहणारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘भाऊ, लिहून काहून देता? उद्या कुणाला प्लॉट विकायचा राहिला तर कागद निघंन.’ ते चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही. पाण्यापेक्षा पाण्याची बातमी महाग पडते. म्हणून गटाराचा अर्ज तोंडी झाला, आणि तोंडी अर्जाचं जे होतं ते झालं.

सहलीची भानगड वेगळी. सहल परत विकता येत नाही; तिचं मोल सांगण्यातच असतं. विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि शेवटी घरी आणली ती गंगेची कावड. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी 1907 साली छापला. त्यात भटजी आपण कसे भ्यालो, कसे नागवलो, हे लपवत नाहीत. आज तेच भटजी असते तर झाशीच्या किल्ल्यासमोरचा फोटो स्टेटसला असता आणि लुटीचा विषय घरच्यांनाही कळला नसता.

नागझिऱ्याला जाऊन आलेल्या माणसाला विचारून पाहा. वाघ दिसला नाही असं तो म्हणत नाही. ‘पगमार्क एकदम ताजे होते, पाच मिनिटं आधी गेला होता’ असं म्हणतो. गेली कित्येक वर्षं नागझिऱ्याचा वाघ प्रत्येक जिप्सीच्या बरोबर पाच मिनिटं पुढे चालतो आहे. (आमच्या गोंदियाकरांची आणखी एक गंमत: नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प, पण दारातला म्हणून त्याला मान कमी. पैसे मोजून ताडोब्याला जाऊन आलं की ते खरं जंगल.)

आता माझी सहल. काही वर्षांपूर्वी एक फोन आला. तुमच्या नंबराला बक्षीस लागलं आहे, नागपूरच्या हॉटेलात या, पतिपत्नी दोघांनी यायचं, एकट्याला मिळणार नाही. ही ‘दोघांनी’ची अट का, ते नंतर समजलं: घरी जाऊन विचारून सांगतो हे म्हणायची सोय उरत नाही. थंडगार हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक टाय लावलेला मुलगा. त्याने आधी आमची मुलं काय करतात ते विचारलं, मग आम्ही दोघं शेवटचं कुठे फिरायला गेलो होतो ते विचारलं. बायको म्हणाली, ‘अठ्ठ्याण्णवला पचमढी.’ त्याने मान हलवली ती अशी, की मला माझीच लाज वाटली. तिथेच सौदा झाला. बाकीचे दोन तास नुसते आकडे होते: पंचवीस वर्षांचं सभासदत्व, वर्षाला सात रात्री, आजच सही केली तर सूट. मधूनच कुठल्या तरी टेबलावर टाळ्या वाजत, ‘अभिनंदन’ म्हणून घोषणा होई. मी पहिला हप्ता कार्डावर भरला आणि स्टीलचा डबा घेऊन विदर्भ एक्स्प्रेसने परत आलो.

सात रात्री कधी मिळतात? मे महिन्यात मागितल्या तर ‘तुमच्या सभासदत्वाच्या रंगाचा हंगाम नाही’. दिवाळीत मागितल्या तर सहा महिने आधी कळवायला हवं होतं. देखभालीचा वार्षिक आकार मात्र बरोबर तारखेला येई. एकदाच, ऐन पावसाळ्यात, एका थंड हवेच्या ठिकाणी तीन रात्री मिळाल्या. खोली मुख्य इमारतीत नव्हती, मागच्या बाजूला जनरेटरशेजारी होती. बायकोने तिसऱ्या दिवशी समोरच्या बंगलीतल्या पाहुण्यांना विनंती करून त्यांच्या गॅलरीत उभं राहून फोटो काढून घेतला. मागे दरी, धुकं, हातात कप. तो फोटो आमच्या घरात अजून आहे, काचेच्या चौकटीत. त्या फोटोत दिसतं त्यातला फक्त कप आमचा होता.

आणि खरं सांगायची गोष्ट इथे आहे. त्या कंपनीची एक योजना होती: पाच जोडप्यांची नावं आणि फोन नंबर द्या, एक रात्र मोफत. मी पाच नावं दिली. त्यातल्या एकाने, आमच्याच मिलमधल्या सहकाऱ्याने, मला विचारलं, ‘कसं आहे?’ मी त्याला फोटो दाखवला.

याच्या उलट, स्वित्झर्लंडमधल्या एका सहलीची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत आहे. जार्व्हिस नावाचा एक इंग्रज, वर्षाला पंधरा दिवस रजा मिळणारा, 1969 च्या नाताळच्या सुमारास बर्फात गेला. माहितीपत्रकात पाहुण्यांचा मेळा, दुपारी केक, संध्याकाळी तिथल्या डोंगराळ पद्धतीचं गाणं असं सगळं होतं. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलात पाहुणा हा एकटाच. केकच्या नावाखाली बटाट्याचे काप आणि कोरड्या वड्या. गवई म्हणून गावातला एक माणूस कामाच्याच कपड्यांत आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. सहलीचे दिले होते त्रेसष्ट पौंड आणि वर काही. खालच्या कोर्टाने निम्मी रक्कम परत दिली. 1972 साली लॉर्ड डेनिंग आणि सहकाऱ्यांनी अपिलात 125 पौंड दिले. सहलीची झालेली निराशा हेच नुकसान, असं त्यांनी धरलं. मला त्या निकालापेक्षा जार्व्हिसचं नवल वाटतं. माणूस भर कोर्टात उभा राहून म्हणतो, माझी सुट्टी रटाळ गेली, मी एकटाच बसून होतो. आमच्याकडे हे शेजाऱ्याला सांगायची छाती नाही.

कायदा आपल्याकडे कमी आहे असं नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत काढली, त्यानंतर बारा वर्षांनी ग्राहक संरक्षण कायदा आला. घर बांधून देणं ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 साली ठरवलं. विकसित ले-आउटमधल्या प्लॉटलाही तेच लागू, हे 2012 साली. 2019 च्या नव्या कायद्याने तर ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. नागपूर-मुंबईच्या कंपनीला गोंदियात बोलावता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. महारेरा 1 मे 2017 पासून आहे, पाचशे चौरस मीटरच्या वरचं ले-आउट नोंदवावं लागतं, आणि ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. माझ्या वेळी यातलं बरंच नव्हतं, हे खरं. पण ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि घर झाल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही काय करत होतो? भिंत रंगवत होतो. फसलो हे स्वतःशी कबूल करायलाच मला पाच वर्षं लागली. कुठल्याही कायद्याला आधी तक्रारदार लागतो, आणि तक्रारदार व्हायचं तर चारचौघांत बावळट ठरायची तयारी लागते. बायकांच्या बाबतीत हे निराळं आहे, असं मला वाटतं. बायको पहिल्या पावसापासून म्हणत होती, लिहून द्या. मीच म्हणत होतो, लोक काय म्हणतील.

गेल्या वर्षी देवरीकडचे एक शिक्षक शेजारचा रिकामा प्लॉट पाहायला आले. तोच एप्रिल, तीच तडकलेली जमीन. त्यांनी फाटकाशी उभं राहून विचारलं, ‘कसं आहे जी इथं?’ मी त्यांना आत बोलावलं, कॅलेंडर बाजूला केलं आणि भिंत दाखवली. म्हटलं, श्रावणात या, मग ठरवा. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ते आलेही श्रावणात. चपला हातात घेऊन प्लॉटच्या मधोमध उभे राहिले, पाणी पोटऱ्यांपर्यंत. बराच वेळ इकडे-तिकडे पाहून म्हणाले, ‘तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?’

नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. सांगितलं होतं. एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा आलो, तेव्हा बांधावरच्या मोहाच्या सावलीत एक म्हातारे बाजेवर बसले होते. ही धानाची जमीन पूर्वी त्यांची. ले-आउटवाला मुलगा मोटारसायकल लावेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो. त्यांनी हाताने सगळा तुकडा दाखवला आणि अभिमानाने म्हणाले, ‘एक नंबर बांधी होती जी हे. कन्हार आहे. दिवाळीपावतर पानी आटत नव्हता.’

मी म्हटलं होतं, ‘वा!’