मुद्रा कोणाची?

हल्ली कीर्तनात, प्रवचनात, निवडणुकीच्या सभेतसुद्धा एक वाक्य फार सोयीचं झालं आहे: 'हे मी सांगत नाही, तुकोबाराय सांगतात.' त्यापुढे जे येतं ते गाथा पालथी घातली तरी सापडत नाही. सुनेनं पदर कसा घ्यावा, मुलींनी मोबाईल वापरावा का, कोणाच्या दुकानातून माल घ्यावा नि कोणाच्या नाही, सगळं त्या नावाखाली खपतं. कोणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, आम्ही संतविचारांशी एकनिष्ठ आहोत. दुसऱ्या टोकाला पोथीचे राखणदार आहेत. त्यांना ओवीचा नवा अर्थ लावणं हीसुद्धा भेसळ वाटते. हे दोघे एकमेकांवर दात धरून असले तरी अडकलेत एकाच वादात: निष्ठा शब्दाशी की भावाशी? आपल्या संतपरंपरेनं विचारलेला प्रश्न मला निराळा दिसतो. आत्ता बोलतोय कोण, हे ऐकणाऱ्याला कळतंय का?

या परंपरेतला सुरुवातीचा भाग भराभर सांगून टाकता येतो. म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे महानुभावांच्या पोथ्यांनी वेगवेगळ्या 'वासना' नोंदवून ठेवल्या. ज्ञानदेवांनी गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9 हजार ओव्या रचल्या, तेव्हाच शब्दाला शब्द हा हिशेब संपला. पण आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत चाललो, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं. इथवर कोणाचं भांडण नाही.

भांडण आहे ते एकनाथांपाशी. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांत आणि पाठांतरांत जे शिरलं होतं ते त्यांनी निवडून काढलं आणि शेवटी ती प्रसिद्ध ताकीद दिली: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी करील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. तेव्हापासून ही ताकीद जो तो उगारतो: माउलींच्या शब्दाला हात लावू नका, नाथांनीच बजावलंय! बजावलंय खरं. पण बजावणारा माणूस कोण होता? त्याआधी 1573 साली याच माणसानं भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली प्रचंड मराठी टीका काशीत पुरी केली होती. रामायण घेतलं तेही 'भावार्थ' म्हणून. भारुडांत तर नाथ कधी जोशी होतात, कधी गोंधळी, कधी विंचू चावलेला माणूस, आणि अध्यात्म त्या त्या माणसाच्या बोलीत सांगतात. जुन्या उपदेशाला नवे शब्द देणं हे पाप असेल तर नाथांइतका मोठा पापी मराठीत दुसरा नाही.

मग ताकीद कशाबद्दल? माझ्या मते रचण्याबद्दल नाही, मिसळण्याबद्दल. आपली ओवी खुशाल करा, पण ती गुपचूप माउलींच्या पंगतीत बसवू नका. पुरावा त्याच समाप्तीच्या ओव्यांत आहे, फक्त नरोटीच्या झगमगाटात तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिथे नाथांनी शक घातला आहे, संवत्सर घातलं आहे आणि 'एका जनार्दन' हे आपलं नाव घातलं आहे. या प्रतीवर माझा हात फिरला आहे, अमुक साली फिरला आहे, अशी ती उघड कबुली आहे. म्हणून तर 1909 साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली तेव्हा नाथांनी काय बदललं असेल यावर विद्वानांना वाद घालता आला. लपलेल्या हाताशी वाद घालता येत नाही.

तुकोबांच्या काळी चोरी उलट दिशेनं चाले. सालोमालो तुकोबांचे अभंग उचली, त्यांतली 'तुका' ही नाममुद्रा काढी नि आपलं नाव घाली. तुकोबांनी त्याचा खरपूस समाचार घेतला आहे. आज माल आपला आणि नाव तुकोबांचं. सालोमालोला निदान चांगलं काय ते कळत होतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

पुढे छापखाना आला. 1869 पासून सरकारी मदतीनं तुकोबांची गाथा छापली गेली, तीत साडेचार हजारांवर अभंग धरले गेले. 1917 साली जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकार रीतसर घडू लागले. वारकरी कीर्तनात प्रमाण द्यायचं ते संतवचनाचंच, हा दंडक चांगलाच आहे. मात्र दोन प्रमाणांच्या मधल्या जागेत वक्त्याची स्वतःची मतंही संतांचीच म्हणून सहज निघून जातात. उलट गाडगेबाबांनी कीर्तनाची चौकट कितीतरी मोडली. श्रोत्यांनाच प्रश्न विचारले, कर्ज काढून सण करणाऱ्यांना, देवापुढे बकरं कापणाऱ्यांना वऱ्हाडीत झापलं. तरी ही झापाझापी तुकोबांची आहे असा घोटाळा कोणा श्रोत्याचा झाला नसेल. ती बाबांची होती आणि तिची जबाबदारीही बाबांचीच होती.

नकळत झालेल्या सरमिसळीला मी यात धरत नाही. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग शिरले, पण त्या बिचाऱ्याचं नावच नामा होतं. तुकोबांची गोष्ट त्याहून अवघड होती. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपली राहिलेली अभंगसंख्या पुरी करायला सांगितली, असं ते सांगतात. म्हणजे काम नामदेवांचं, संकल्प नामदेवांचा, आज्ञाही नामदेवांची. 'नामा' अशी मुद्रा घातली असती तर हटकणार कोण होतं? तुकोबांनी 'तुका' घातली.