किल्ली कोणाच्या हाती?

दिवाळीच्या साफसफाईत घरातली सगळी कपाटे उघडी पडतात आणि मग घरोघरी एक जुने वाक्य ऐकू येते : "कामाची माणसे घरात आहेत, किल्ल्या जपा!" बोलणाऱ्याचा हेतू काही वाईट नसतो. पण शेजारच्या खोलीत केर काढणाऱ्या बाईच्या कानी ते पडले, तर तिच्या मनात काय होत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पात्रता सिद्ध झाल्यावर मगच विश्वास टाकावा, असे शहाणे लोक सांगतात. ऐकायला हे चोख वाटते. पण ज्याच्या हाती किल्ली कधी दिलीच नाही, त्याने आपला प्रामाणिकपणा दाखवावा तरी कुठे?

आपल्याच मुलखात याला उत्तर मिळाले आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावाहून आपला कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ दिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. लक्ष्मणरावांनी या वसाहतीच्या रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांच्या भयाने लोक दारे लावीत, त्यांच्याच हाती त्यांनी दारे सोपविली. आणि त्या माणसांनी ती राखली.

याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराची प्रेरणा होती. कैद्यांनी कुटुंबासह राहावे, शेती करावी, असा तो प्रयोग. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटामागे तोच आहे.

हे कसे घडले असावे? मला वाटते, कुलूप चोरी अडविते, पण राखण करीत नाही. राखण माणूसच करतो, आणि तीही जे आपले वाटते त्याचीच. ज्या कचेरीत घटकेघटकेला तपासणी होते, तिथे चूक सुधारण्याऐवजी लपविणे हीच कामाची पहिली विद्या ठरते. तपासणारा दुसरा असला, की आपले काम आपणच तपासावे असे कोणाला वाटेल?

यात फसण्याची भीती आहे, हे खरे. पण जिथे फसण्याची भीतीच नाही, तो विश्वास नव्हे, हिशेब होय. आणि "आपण सारे एकाच घरचे" असे म्हणत पगार थकविणारा मालक विश्वास टाकीत नाही. तो केवळ दुसऱ्याकडून मागतो. विश्वासाची पहिली जोखीम ज्याच्या हाती सत्ता आहे, त्यानेच उचलली पाहिजे. बाळासाहेबांनी जमीन दिली, लक्ष्मणरावांनी पहारा दिला. दोघांनीही आधी आपले काही पणाला लावले.

यंदा फराळाचे ताट आणि बक्षिसी आपण कामाच्या माणसांना देऊच. त्याबरोबर एखाद्या कपाटाची किल्लीही देता येईल काय? ताट दुपारपर्यंत रिकामे होईल. किल्ली मात्र वर्षभर जपली जाईल.